सुचत नाही, की सुचलेलं टिकत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही ३४ वर्षांचे, ठाण्यात राहता, घणसोलीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करता. कॉलेजात दोन एकांकिका लिहिल्या होत्या, एकीला बक्षीसही मिळालं होतं. आता एका स्पर्धेसाठी पुन्हा लिहायला बसलात, तर जे सुचतं ते ‘आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं’ वाटतं. चार महिन्यांत एक पान पुरं झालेलं नाही. त्यातच ऑफिसातल्या मित्रानं एआयकडून काही सेकंदांत कविता करून घेतली, आणि पंचाईत अशी की ती तुम्हाला बरी वाटली. म्हणून तुम्ही विचारलंत: सर्जनशीलता उपजत असते की कमावता येते? खरोखर नवीन असं काही असतं का? आणि यंत्रालाही सुचत असेल, तर माणसाच्या सुचण्याचं एवढं कौतुक कशाला?

मी मानसशास्त्रज्ञ नाही, तत्त्वज्ञानाची प्राध्यापक तर नाहीच. बँकेतली नोकरी सांभाळून गेली २६ वर्षं ठाण्यात आणि वाशीत हौशी मंडळींच्या एकांकिका बसवते, वर्षातून दोनदा लेखनाचं शिबिर घेते. त्यामुळे उत्तर तालमीच्या खोलीतून येईल. वाटेत जे वाचलंय तेही सांगेन.

आधी तुमच्याच एका वाक्याकडे परत जाऊ. ‘रोज दोन-तीन ओळी लिहितो आणि खोडतो.’ म्हणजे सुचतंय की! सुचलेलं टिकत नाहीये, एवढंच. या दोन तक्रारी अगदी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. तुमचं पोट भरतं ते चुका शोधण्यावर. दिवसाचे नऊ तास ‘हे कुठे मोडेल’ या नजरेनं बघायचं आणि रात्री साडेनऊला त्याच नजरेनं आपल्या पहिल्या ओळीकडे बघायचं. पहिली ओळ मोडणारच, ती मोडण्यासाठीच असते. तुमच्या डोक्यातला परीक्षक चांगला आहे, त्याला मी काढून टाका म्हणणार नाही. पण तो नाटक सुरू व्हायच्या आधीच पहिल्या रांगेत येऊन बसलाय, आणि त्याचा एकच प्रश्न आहे: ‘हे नवीन आहे का?’

या प्रश्नानं मीही होरपळले आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी स्वतः लिहिलेली एकांकिका उतरवली. त्यातलं मुख्य पात्र शेवटपर्यंत रंगमंचावर येतच नाही, बाकीचे सगळे त्याच्याविषयी बोलत राहतात, अशी रचना होती. माझी मलाच फार आवडली होती. प्रयोगानंतर परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही युक्ती अमुक नाटकातली आहे, शेवटच्या वळणासकट. मी खवळले. घरी आले, आठवत बसले आणि पहाटे लख्ख आठवलं की विसाव्या वर्षी मी ते नाटक पाहिलं होतं. पाहिल्याचं विसरले होते, पाहिलेलं विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी तलावपाळीला तीन फेऱ्या मारल्या आणि ठरवलं की आपण लिहायचं नाही. पुढची तीन वर्षं फक्त दुसऱ्यांच्या संहिता बसवल्या.

नंतर कळलं की हे फार लोकांचं होतं. अ‍ॅलन ब्राउन आणि डॅना मर्फी या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली एक साधा प्रयोग केला. काही जणांना गटात बसवून पाळीपाळीनं एकेका प्रकारातल्या गोष्टींची नावं सांगायला लावली. मग प्रत्येकाला विचारलं की यातली तू सांगितलेली कुठली, आणि आता कुणीच न सांगितलेली नवी नावं दे. लोकांनी दुसऱ्याची नावं आपली म्हणून सांगितली, आणि ‘नवी’ म्हणून दिलेल्यांतही आधीच येऊन गेलेली निघाली. कुणी खोटं बोलत नव्हतं. स्मरणात वस्तू राहते, तिची पावती हरवते.

पण मला खरा आधार मिळाला तो दुसरीकडून. आमच्या ग्रुपमध्ये मावशी-आत्याच्या भूमिका करणाऱ्या एक निवृत्त संस्कृत शिक्षिका होत्या. तालीम संपल्यावर चहा पिताना त्यांनी सांगितलं, ‘अगं, याचा निकाल नवव्या शतकात लागलाय.’ काश्मीरचा काव्यशास्त्रकार आनंदवर्धन. ध्वन्यालोक या आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात तो म्हणतो की दोन कवींचं लेखन एकमेकांसारखं असणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त सारखेपणा तीन प्रकारचा असतो. एक आरशातल्या प्रतिबिंबासारखा, ज्याला स्वतःचं असं काही नाही. दुसरा चित्रासारखा, म्हणजे आकार हुबेहूब पण आत जीव नाही. तिसरा दोन माणसांमधल्या साम्यासारखा. दोन भाऊ कितीही सारखे दिसले तरी दोन माणसं असतात, म्हणून या तिसऱ्याचा त्याग करायचं कारण नाही. जुनेच अर्थ रसाच्या स्पर्शानं नवे भासतात, वसंतातल्या झाडांसारखे, असंही तोच म्हणतो. झाड तेच असतं. राजशेखर या कवीनं तर नंतर काव्यमीमांसा या ग्रंथात सरळच म्हणून टाकलं की चोर नाही असा कवी नाही आणि चोर नाही असा व्यापारीही नाही. बाई हे वाक्य सांगताना इतक्या हसल्या की चहा सांडला.

त्या मापानं मी माझी एकांकिका पुन्हा वाचली. दुसरा प्रकार होता, चित्र. युक्ती उचलली होती म्हणून ती पडली नव्हती; युक्तीभोवती बोलणारी माणसं माझ्या ओळखीची नव्हती म्हणून पडली होती. तेव्हापासून संहिता वाचताना मी ‘हे कुणासारखं आहे’ असं विचारत नाही. ‘यातलं माणूस श्वास घेतंय का’ असं विचारते. तुम्ही खोडलेल्या ओळींवर हा दुसरा प्रश्न लावून बघा. त्याचं उत्तर एका ओळीत मिळत नाही, पाच-सात पानं लिहावी लागतात, आणि तोच त्याचा फायदा आहे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मार्गारेट बोडेन यांनी एक उपयोगी भेद केलाय: मला स्वतःला पहिल्यांदा सुचलेलं नवं, आणि मानवजातीच्या इतिहासात पहिल्यांदा आलेलं नवं. दुसरं ठरवायला सगळा इतिहास लागतो. ते रात्री साडेनऊला आपल्या टेबलावर ठरत नाही. आपल्या हातात पहिलं आहे.

आता, ते पहिलं येतं कुठून? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं सगळं शिबिर यावरच चालतं.

पहिल्या दिवशी मी पिशवी भरून वस्तू नेते. दाढीचा जुना ब्रश, कुकरची शिट्टी, एकाच पायाची कोल्हापुरी चप्पल, किल्ली नसलेलं कुलूप, मोडकी छत्री. टेबलावर मांडते आणि सांगते, यातली एक वस्तू घ्या आणि तिच्यावरून सुचणाऱ्या वीस शक्यता लिहा. (हीसुद्धा उसनवारीच. जेकब गेट्झेल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी शिकागोच्या कलाशाळेतल्या ३१ विद्यार्थ्यांसमोर २७ वस्तू ठेवून ‘यातल्या घेऊन चित्र काढा’ म्हणून सांगितलं होतं. १९७६ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. काहींनी दोन-चार वस्तू पटकन मांडल्या आणि चित्र काढायला लागले. काही जण वस्तू उचलून बघत राहिले, फिरवत राहिले, चित्र अर्धं झाल्यावरही मांडणी बदलत राहिले. या चाचपडणाऱ्यांची चित्रं परीक्षकांना जास्त स्वतंत्र वळणाची वाटली, आणि काही वर्षांनी पाहिलं तर चित्रकार म्हणून जम बसण्यातही त्यांचंच पारडं जड होतं. प्रश्न सोडवण्याआधी प्रश्न शोधत बसणारे लोक.)

वीसपैकी पहिल्या दहा शक्यता प्रत्येक बॅचमध्ये जवळपास त्याच येतात. छत्री म्हटलं की पाऊस, प्रेमी युगुल, गळकं घर, शाळेचा पहिला दिवस, म्हाताऱ्याची काठी. मी त्या आधीच कागदावर लिहून पाकिटात घालून ठेवते आणि सगळ्यांचं लिहून झालं की पाकीट उघडून वाचते. हशा होतो, दोन-चार चेहरे पडतात. मग मी सांगते की ही तुमची चूक नाही. हे भाषेनं, सिनेमानं, पाठ्यपुस्तकानं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात दाराजवळच ठेवलेलं सामान आहे. हात घातला की तेच आधी हाताला लागणार. ते बाहेर काढून ठेवल्याशिवाय आतलं दिसत नाही.

एका वर्षी कोपरीच्या एक ताई होत्या, शिवणकाम करणाऱ्या. पहिल्या तेरा शक्यता पाकिटातल्यासारख्याच. चौदावी अशी: ‘पूर्वी छत्रीच्या कापडावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव लिहायचे. आमच्या घरातल्या छत्रीवर बाबांचं नाव नव्हतं.’ वडिलांची छत्री लोकलमध्ये बदलली गेली होती आणि त्यांनी ती तशीच अकरा वर्षं वापरली. रस्त्यात कुणी त्या दुसऱ्या नावानं हाक मारली की ते वळून बघायचे. ताईंना ही गोष्ट तीस वर्षं ठाऊक होती. ‘यात काय लिहायचं?’ असं त्या मला विचारत होत्या, आणि खोलीत कुणाचा आवाज नव्हता.

छत्री चोरीची, पाऊस चोरीचा, वडील-मुलगी हा विषय तर सगळ्या जगाचा. तरी ती एकांकिका दुसऱ्या कुणाची असूच शकली नसती. नवेपणा मी असाच येताना पाहिलाय, मागच्या दारानं. तो आधी ठरवून आणता येत नाही. एखाद्या बारीक, आपल्यापुरत्या खऱ्या गोष्टीपाशी इतरांपेक्षा थोडं जास्त वेळ बसलं की नंतर कुणीतरी सांगतं, ‘हे नवीन आहे हो.’ तुम्ही पाचव्या शक्यतेला उठून जाताय.

‘थोडं जास्त वेळ’ म्हणजे टेबलाला चिकटून बसणं असं मात्र नाही. इंग्रज अभ्यासक ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सुचण्याचे चार टप्पे मांडले: तयारी, मग मुरणं, मग उजळणं, मग तपासणं. दुसऱ्या टप्प्यासाठी त्यांचा शब्द खरं तर अंडी उबवण्याचा आहे, पण मला लोणच्याची बरणी जवळची वाटते. प्रत्यक्षात टप्पे इतके शिस्तीत येत नाहीत, तरी क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. तपासणं शेवटी आहे. तुम्ही ते पहिल्या जागी नेऊन ठेवलंय.

फ्रेंच गणिती आँरी प्वाँकारे यांचा किस्सा सगळे सांगतात. सहलीला गेले असताना घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी अडलेल्या गणिताचा धागा सापडला. सांगणारे दोन गोष्टी गाळतात. त्याआधी ते पंधरा दिवस रोज तास-दोन तास टेबलाशी बसून हरले होते, आणि घरी परतल्यावर त्यांनी तो धागा नीट तपासून पाहिला. पायरीवरचा तो क्षण दोन कंटाळवाण्या कामांच्या मध्ये आहे. २००९ साली दोन संशोधकांनी अशा ‘सोडून देऊन परत येण्या’वरचे ११७ अभ्यास एकत्र करून पाहिले. मधली सुटी उपयोगी पडते असं दिसलं, आधी जास्त वेळ झटलं असेल तर जास्तच. आणि शब्दांच्या कोड्यांत तर नुसत्या विश्रांतीपेक्षा हात-डोळ्यांना हलकंसं काम असलं की फायदा अधिक.

तुमच्याकडे ही सुटी रोज दोनदा आहे: घणसोली ते ठाणे, खाडी ओलांडणारी लोकलची पंधरा-वीस मिनिटं. तुम्ही ती रील बघण्यात घालवता असं स्वतःच लिहिलंय. मला रीलवर राग नाही, मीही बघते. पण ते हलकं काम नव्हे. दर अर्ध्या मिनिटाला दुसऱ्याची गोष्ट डोक्यात ओतली जाते, आणि बरणीत सारखा चमचा फिरवला की काय होतं ते तुमच्या आईला विचारा. गाडीत दुसरं काही करू नका. खिडकी मिळाली तर तिच्यापाशी उभे राहून नुसते बाहेर बघा.

परीक्षकाला उशिरा बोलवायचं कसं, हा तुमच्या बाबतीत जास्त अवघड भाग. तालमीत मी नटांना संहितेशिवाय प्रसंग करायला लावते तेव्हा नवशिक्याचे डोळे बघते. तो बोलताबोलता स्वतःला ऐकत असतो, आणि ऐकायला लागला की अडतो. २००८ साली चार्ल्स लिंब आणि अ‍ॅलन ब्राउन (हे वेगळे ब्राउन) या संशोधकांनी सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून छोट्या कीबोर्डवर वाजवायला लावलं. पाठ केलेलं वाजवताना आणि आयत्या वेळी रचताना मेंदूत फरक दिसला: रचताना कपाळामागचा, स्वतःवर नजर ठेवण्याशी जोडला जाणारा एक भाग शांत झाला होता. फक्त सहा माणसं, तेव्हा यावर इमला बांधू नका. पण तालमीत जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. (उजवा मेंदू कलेचा आणि डावा हिशेबाचा, हे मात्र विसरून जा. इतकी सोपी वाटणी तिथे नाही.) माझा उपाय अगदी घरगुती आहे: पहिला खर्डा पेनानं, पाठकोऱ्या कागदांवर, वीस मिनिटं, खोडायचं नाही. पाठकोरा अशासाठी की चांगल्या वहीत माणूस चांगलं लिहायला जातो. ते कागद एका पाकिटात घालून तीन दिवस बाजूला ठेवायचे. चौथ्या दिवशी तुमच्यातल्या टेस्टरला खुर्ची द्या आणि त्याला हवं तेवढं फाडू दे. तेव्हा तो फार कामाचा ठरेल, बघा. माझ्याकडे असे टेस्टर कमी येतात. पानंच्या पानं लिहिणारे आणि एकही ओळ न कापणारे जास्त.

उपजत की कमावलेलं? यावर माझं मत लवकर संपतं. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकारानं कविता कशातून घडते हे सांगताना शक्ती (उपजत प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास अशी तीन नावं घेतली, आणि ही तीन कारणं नसून मिळून एकच कारण आहे असं बजावलं. मला ते पटतं. शक्ती सगळ्यांत सारखी नसते, हे २६ वर्षं बघूनही नाकारलं तर खोटं होईल. पण कुणात किती आहे हे आधी ओळखायला मला अजून जमलेलं नाही. पहिल्याच दिवशी चमकलेली कितीतरी मुलं दुसऱ्या वर्षी दिसली नाहीत.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. घरी लहान मूल आहे का, बसायला कोपरा आहे का, नोकरी किती पिळते. स्पर्धेचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिली यांनी १९८५ साली ७२ लेखकांकडून कविता लिहून घेतल्या. मध्येच एका गटाला पैसा, प्रसिद्धी, कौतुक अशा ‘लिहिण्याच्या कारणां’चा क्रम लावायला दिला. एवढ्यानंच त्यांच्या पुढच्या कविता परीक्षकांना फिक्या वाटल्या. मी स्पर्धांवर वाढलेली बाई, त्यामुळे हे वाचून मला बरं वाटलं नव्हतं. माझा अनुभव असा की स्पर्धेची तारीख संपवायला मदत करते, सुरू करायला नाही. या वर्षीची तारीख सोडून देता आली तर सोडा. आणखी एक: तुम्ही ओझरतं लिहिलंय की झोप नीट नाही आणि कशातच रस वाटत नाही. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो लेखनाचा प्रश्न समजू नका, डॉक्टरांना दाखवा. दुःखातून कला येते वगैरे बोलणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी चांगलं लिहिलंय ते बरं वाटायला लागल्यावर.

राहिलं यंत्र. मी त्याला छत्री दिली होती. आधी पाकिटातलंच आलं: पाऊस, रेल्वे फलाट, जुने प्रेमिक, नीटनेटकं, संवादांसकट. मग वीस शक्यता मागितल्या, तर दोन खरंच चांगल्या होत्या. एक मला सुचली नसती. तेव्हा ‘यंत्राला सुचतच नाही’ असं मी म्हणणार नाही. म्हणणाऱ्यांना दर सहा महिन्यांनी वाक्य बदलावं लागतंय. पण त्या वीसमध्ये वर्षानुवर्षं डोक्यात अडकून राहिलेलं काही नव्हतं. छत्रीचा प्रश्न त्याला पडला नव्हता, मी पाडला होता, आणि मी संगणकावरची खिडकी बंद केल्यावर तो संपला. ताईंचा प्रश्न तीस वर्षं संपला नव्हता. उद्या यंत्रालाही प्रश्न पडायला लागले तर? तेव्हा पुन्हा बोलू. तोवर मित्राच्या कवितेशी तुमची स्पर्धा नाही, कारण त्या मित्राला कविता नकोच होती, गंमत हवी होती.

आता शेवटचं. प्रश्नाच्या अखेरीस तुम्ही कंसात एक वाक्य लिहून लगेच ‘असो’ म्हटलंय. संध्याकाळी रबाळ्याला एक काका चढतात, रोज डब्यातली अर्धी पोळी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून हातात धरून बसतात, ठाण्याला उतरून जातात. ती कुणासाठी हे तुम्ही दोन वर्षांत विचारलेलं नाही. मी तुमच्या प्रश्नातली बाकी सगळी वाक्यं विसरेन, हे विसरणार नाही. त्यांना लगेच विचारू नका. आधी वीस शक्यता लिहा. कुत्रा, गाय, भिकारी, आजारी बायको, हे पहिल्या दहात उरकून टाका. अर्धीच का, पूर्ण का नाही, इथे जरा थांबा. वीस झाल्या की मग एखाद्या संध्याकाळी विचारा, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा. मला खरंच जाणून घ्यायचंय.